गढूळ पाण्याचें माप

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं आमच्या या मालवण किनाऱ्यावरील ओढ्यानाल्यांचें रूप एका रात्रींत पालटतें. वैशाखांत ज्या व्हाळांतून पाय न भिजवितां पलीकडे जातां येत होतें, तोच व्हाळ दुसऱ्या दिवशीं जांभ्या मातीच्या रंगानें तांबडालाल होऊन धांवतांना दिसतो. सह्याद्रीवरून निघालेल्या आमच्या नद्यांना समुद्र गाठावयास फार लांबचा प्रवास करावा लागत नाहीं. त्यामुळें डोंगरावर पडलेल्या पावसाची वार्ता त्या लवकरच खाडीच्या मुखाशीं आणून पोंचवितात. कणकवली व मसुरें या बाजूनें येणारी गड नदी कालावलच्या खाडींतून, आणि कुडाळ तालुक्यांतून नेरूरपारच्या पुलाखालून येणारी कर्ली नदी देवबागेजवळ समुद्रास मिळते. त्या दिवसांत देवबागेच्या टोंकाशीं उभें राहिलें असतां तांबडें पाणी व हिरवें पाणी यांमधील सीमारेषा डोळ्यांस स्पष्ट दिसते. लहान मूलही ती पाहून म्हणेल, "नदीचें पाणी गढूळ झालें."

परंतु "किती गढूळ?" असा प्रश्न त्या मुलानें उलट विचारला, तर आपण मोठ्या माणसांनीं त्यास काय उत्तर द्यावें? या साध्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें साधें नाहीं, व तें चुकीचें दिल्यास त्याचे परिणाम आपल्या विहिरीपासून आपल्या बंदरापर्यंत पोंचतात, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लीं पाण्याचा गढूळपणा मोजण्याकरितां नेफेलोमीटर नांवाचें यंत्र वापरतात. ग्रीक भाषेंत 'नेफेले' म्हणजे मेघ. पाण्यांत मेघासारखें जें धूसरपण असतें तें मोजणारें, म्हणून हें नांव. त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. पाण्यानें भरलेल्या कांचेच्या कुपींतून प्रकाशाचा एक किरण सरळ सोडतात. पाणी अगदीं निवळशंख असेल तर किरण समोरून निघून जातो. पाण्यांत कण असतील तर ते तो प्रकाश इतस्ततः फेंकतात. किरणाच्या मार्गाशीं काटकोनांत बसविलेला एक प्रकाशग्राहक या फेंकलेल्या प्रकाशाची मोजणी करतो, आणि यंत्राच्या तबकडीवर एक आंकडा उमटतो. त्या आंकड्याच्या एककास 'एन. टी. यू.' असें म्हणतात.

आंकडा दिसला कीं मनुष्याचें समाधान होतें. पण तो आंकडा कशाचा आहे, हें विचारणें हें शिक्षणाचें पहिलें काम होय. यंत्रानें माती तोलली नाहीं. तिनें फेंकलेला प्रकाश मोजला. माती किती आणि प्रकाश किती या दोन गोष्टी भिन्न आहेत. आणि या दोहोंचें नातें ठरविणाऱ्या गोष्टींत प्रमुख गोष्ट म्हणजे कणांचा लहानमोठेपणा. हें लक्षांत न घेतां केवळ आंकड्यावरून नदीचा न्याय करणें म्हणजे सावलीच्या लांबीवरून माणसाची उंची सांगणें होय.

ज्यांना आमच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नसेल, त्यांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. तो आम्हीं स्वतः केला आहे व त्यास खर्च कांहींच नाहीं. सारख्या आकाराच्या दोन कांचेच्या बरण्यांत एकएक लिटर स्वच्छ पाणी घ्यावें. एकींत तारकर्लीच्या किनाऱ्यावरची धुतलेली वाळू एक ग्रॅम टाकावी. दुसरींत पन्हाळीखालीं पावसाच्या पाण्याबरोबर येऊन बसलेला तांबडा साका वाळवून, बारीक करून, तोही एक ग्रॅमच टाकावा. दोन्ही बरण्या ढवळून त्यांच्यामागें छापील कागद धरावा. वाळूच्या बरणींतून अक्षरें वाचतां येतात, आणि आपण वाचतों न वाचतों तोंच वाळू तळाशीं जाऊन बसते. साक्याच्या बरणींतून मात्र अक्षरें पुसट होतात, आणि घटका गेली तरी पाणी निवळत नाहीं. वजन दोन्हींकडे एकच. डोळ्यांस मात्र एक पाणी 'स्वच्छ' व दुसरें 'घाण' दिसतें. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण या दोन बरण्यांइतकी दुसरीकडे क्वचितच पटेल.

यामागील गणित आमच्या वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांस सहज उमजेल. वाळूच्या एका कणाचा व्यास मिलिमीटरचा पांचवा भाग, म्हणजे दोनशें मायक्रॉन, आहे असें धरूं. (मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन.) चिकणमातीच्या कणाचा व्यास दोन मायक्रॉन धरूं. व्यास शंभरपट लहान झाला, म्हणजे घनफळ दहा लाखपट लहान झालें. तेव्हां वाळूच्या एका कणाच्या वजनांत मातीचे दहा लाख कण बसतील. प्रत्येक मातीकणाची सावली वाळूकणाच्या सावलीच्या दहा हजाराव्या भागाएवढी असली, तरी दहा लाख सावल्या एकत्र केल्या म्हणजे त्या वाळूकणाच्या सावलीच्या शंभरपट होतात. प्रकाश अडतो व फेंकला जातो तो या सावल्यांच्या क्षेत्रफळाच्या मानानें. म्हणून सारख्या वजनाची माती सारख्या वजनाच्या वाळूहून पाण्यास कितीतरी पटींनीं अधिक गढूळ करते.

याशिवाय वाळू यंत्रास आणखी एका रीतीनें चुकविते. १८५१ सालीं स्टोक्स या शास्त्रज्ञानें पाण्यांत बुडणाऱ्या बारीक कणांच्या वेगाचा नियम दिला. त्याप्रमाणें हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. आमचा दोनशें मायक्रॉनचा वाळूकण एक फूट पाणी सुमारें पंधरा सेकंदांत उतरतो. दोन मायक्रॉनच्या मातीकणास तेवढेंच अंतर उतरावयास जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. यंत्राच्या कुपींत पाणी ओतून, कुपी पुसून, झांकण लावून आंकडा वाचेपर्यंत वाळू तळाशीं बसलेली असते. जी नाहींच, तिची साक्ष यंत्र कशी देणार?

मग कण जितका बारीक तितका गढूळपणा अधिक, असा सरसकट नियम करावा काय? तसेंही नाहीं. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी मायक्रॉनच्या चार दशांशापासून सात दशांशापर्यंत असते. कणाचा आकार या लांबीच्या जवळपास आला, म्हणजे साधारण अर्ध्या ते एक मायक्रॉनच्या सुमारास, वजनाच्या मानानें प्रकाश फेंकण्याची त्याची शक्ति सर्वांत अधिक असते. त्याहून फार बारीक कण झाले म्हणजे ती पुन्हां झपाट्यानें घटते, व ते तांबड्यापेक्षां निळा प्रकाश अधिक फेंकूं लागतात. हा नियम लॉर्ड रॅले यांनीं १८७१ सालीं मांडला. आमचे थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन हे १९२१ सालीं विलायतेच्या प्रवासांत असतांना भूमध्य समुद्राच्या निळाईनें मोहित झाले, आणि ही निळाई केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असें त्यांनीं दाखविलें. याच मार्गानें पुढें जात १९२८ सालीं त्यांनीं आपला विख्यात शोध लावला, व १९३० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पौषमाघांत सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचें जें निळें पाणी आपण नित्य पाहतों, त्यांत केवढें शास्त्र दडलें आहे याची यावरून कल्पना येईल.

गढूळपणा मोजण्याचा इतिहासही हेंच सांगतो. १८६५ सालीं अँजेलो सेक्की या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूनें, जो रोम येथील वेधशाळेचा मोठा ज्योतिषी होता, पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या दोरीनें समुद्रांत सोडून, त्या कोणत्या खोलीवर दिसेनाशा होतात हें मोजलें. इतकें सुटसुटीत साधन कीं आजही जगभर तें वापरतात. पुढें १९०० च्या सुमारास अमेरिकेंत जॅक्सन याची मेणबत्तीची नळी प्रचारांत आली. मेणबत्तीवर कांचेची नळी उभी धरून, ज्योतीची आकृति नाहींशी होईपर्यंत तींत पाणी ओतावयाचें, व पाण्याची उंची वाचावयाची. ही नळी बारीक सिलिकेची तोललेली पूड पाण्यांत मिसळून प्रमाणित केली होती. त्यामुळें गढूळपणाचा आंकडा म्हणजेच गाळाचें वजन, असा समज रूढ होण्यास एक निमित्त मिळालें. परंतु ती समजूत त्या पुडीपुरतीच खरी. आमच्या जांभ्या मातीस ती कशी लागूं पडेल? १९२६ सालापासून फॉर्माझिन नांवाचा, दोन रसायनांपासून तयार केलेला पांढरा द्रव प्रमाण म्हणून वापरांत आला. त्यामुळें एका यंत्राचा आंकडा दुसऱ्याशीं ताडून पाहण्याची सोय झाली, हें खरें. पण नदींत फॉर्माझिन वाहत नाहीं, माती वाहते. आणि आमची माती तर लोहाच्या गंजानें तांबडी. ती कांहीं प्रकाश फेंकण्याऐवजीं गिळूनच टाकते. म्हणून कांहीं यंत्रांत पांढऱ्या प्रकाशाऐवजीं डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश योजतात, कीं जेणेंकरून रंगाचा दोष कमी व्हावा.

आतां कोणी म्हणेल, हा सारा प्रयोगशाळेंतील काथ्याकूट झाला. आमच्या संसारास त्याचें काय? त्यास आमचें उत्तर असें कीं, आमचा संसारच या कणांवर उभा आहे. देवबागेजवळ कर्लीच्या मुखाशीं जो वाळूचा पट्टा आहे व ज्यास लोक 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, तो कशाचा झाला आहे? गढूळपणाच्या यंत्रास जिचा पत्ताही लागत नाहीं त्या वाळूचा. खाडीच्या तोंडाशीं होडी रुतते ती याच वाळूंत. ही वाळू बहुधा तळाशीं घसरत, उड्या मारीत पुढें सरकते. वरचें पाणी तेव्हां आरशासारखें असूं शकतें. अशा वेळीं कोणी पृष्ठभागावरची एक बाटली भरून नेली, यंत्रांत घातली, आणि "गढूळपणा नाममात्र आहे, अर्थात् खाडींत भर पडत नाहीं" असा अभिप्राय दिला, तर तो अभिप्राय शास्त्राच्या पोषाखांतील अज्ञान होय. उलट पहिल्या पावसाच्या तांबड्या पाण्याचा मोठा आंकडा दाखवून "सारा डोंगर वाहून चालला" अशी ओरड करणें हेंही तितकेंच अविचाराचें. कारण त्या रंगांत बारीक मातीचा वांटा फार व वजन त्या मानानें थोडें असूं शकतें.

नद्यांचें काम ज्यांच्याकडे आहे ते लोक ही चूक टाळतात. केंद्रीय जल आयोगाच्या मोजणींत नदीच्या गाळाचे तीन वर्ग करतात: मिलिमीटरच्या पांचव्या भागाहून मोठा तो जाड, त्याखालीं ०·०७५ मिलिमीटरपर्यंतचा तो मध्यम, आणि त्याहून लहान तो बारीक. पाण्याचा नमुनाही वरवरचा न घेतां खोलीच्या सहादशांश अंतरावरून घेतात. मग तो गाळून, वाळवून, तोलतात. काम कष्टाचें व वेळेचें आहे. पण ज्यास तोलाचा प्रश्न विचारावयाचा त्यानें तराजूच हातीं घेतला पाहिजे.

आमच्या खाड्यांत आणखी एक चमत्कार घडतो. गोड्या पाण्यांत मातीचे बारीक कण एकमेकांस दूर लोटीत अलग तरंगत असतात. खाऱ्या पाण्याशीं गांठ पडली कीं मिठाच्या योगानें ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात व ते लवकर खालीं बसूं लागतात. माती तेवढीच, पण कण 'मोठे' झाल्यामुळें यंत्राचा आंकडा उतरतो. म्हणजे नेरूरपारच्या पुलापाशीं बसविलेलें गणित देवबागेस जसेंच्या तसें चालणार नाहीं. भरतीचें गणितही ओहोटीस चालेलच असें नाहीं.

कणांच्या आकाराप्रमाणें हानीही निरनिराळी होते, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील खडकांवर प्रवाळ आहेत, व १९८७ सालीं येथील समुद्राच्या कांहीं भागास सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें. बारीक माती प्रवाळांचा सूर्यप्रकाश अडविते. जाड गाळ त्यांस गाडून टाकतो. पहिल्या संकटाची सूचना यंत्र देईल. दुसऱ्याची देईलच असें नाहीं. खाडींतील वाळू काढण्याविषयींचा वादही असाच. हातपाटीनें काढा किंवा संक्शन पंपानें, वाळूच्या कणांमध्यें अडकलेली बारीक माती उसळून पाण्यावर येते, आणि ती प्रवाहाबरोबर दूर जाते. गढूळपणाचा आंकडा या मातीबद्दल सांगेल. नेलेल्या वाळूबद्दल व खचणाऱ्या कांठाबद्दल तो मौनच पाळील. या वादांत कोण बरोबर हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु एकाच आंकड्याच्या बळावर कोणत्याही पक्षानें जय पुकारूं नये, इतकें आम्ही निश्चयानें म्हणतों.

पालकांस येथें एक सूचना करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पिण्याच्या पाण्याच्या बाबतींत मात्र गढूळपणाचा आंकडा फार मोलाचा आहे. भारतीय मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एक एन. टी. यू. पर्यंत असावा, व दुसरी सोय नसल्यास पांचपर्यंत चालवून घ्यावा, असें ठरविलें आहे. कारण बारीक कणांच्या आड रोगजंतु लपतात, आणि विहिरींत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीचा प्रभाव त्यांच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. आपल्या आजीबाई पावसाळ्यांत हंड्यांत तुरटी फिरवीत, किंवा निवळीचें बीं उगाळून टाकीत. कण एकत्र जमून खालीं बसावेत हाच त्यांतील हेतु, जो आमच्या खाडींत मीठ साधतें. ही चाल चांगली आहे; पण निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असें मात्र समजूं नये. जंतु इतके थोडे असूनही घातक ठरतात कीं पाणी लख्ख दिसत असतांही तें आजार देऊं शकतें. निवळलेलें पाणी उकळूनच प्यावें.

तर मग हें यंत्र टाकून द्यावें काय? मुळींच नव्हे. तराजूस गाळणें, वाळविणें व वाट पाहणें आलें. यंत्र क्षणांत उत्तर देतें व अहोरात्र जागतें. त्याचा दोष इतकाच कीं त्यास न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपण त्याच्या तोंडीं घालतों. ज्या नदीवर तें लावावयाचें, त्या नदीचे नमुने निरनिराळ्या ऋतूंत घेऊन, एकाच पाण्याचा आंकडा व त्याच पाण्यांतील गाळाचें वजन शेजारींशेजारीं मांडून, त्या नदीपुरता संबंध ठरविला पाहिजे. गडाचा संबंध कर्लीस लावूं नये. जूनचा संबंध सप्टेंबरास डोळे मिटून लावूं नये.

हें काम शाळेच्या आंवाक्याबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पांढऱ्या-काळ्या रंगाची एक तबकडी, खुणा केलेली दोरी, गाळण्याचा कागद, व प्रयोगशाळेंतील नाजूक तराजू एवढ्यावर आरंभ होऊं शकेल. दर आठवड्यास ठराविक वारीं, ठराविक पुलावरून, वडील माणसाच्या देखरेखीखालीं दोन नमुने घ्यावेत: एक वरचा, एक खोलीवरचा. तबकडी किती खोलीवर दिसेनाशी झाली, एका लिटरांत गाळ किती निघाला, बोटांस तो चिकट लागतो कीं खरखरीत, भरती होती कीं ओहोटी, आदल्या दिवशीं पाऊस किती पडला, या पांच गोष्टी वहींत लिहाव्यात. पुरांत मात्र कोणीही पाण्याजवळ जाऊं नये; जीवापेक्षां नमुना मोठा नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचे, त्याप्रमाणें चार-पांच वर्षांत या वहींतून आपल्या नदीचें असें चरित्र तयार होईल कीं गांवाच्या सभेंत तें पुढें ठेवतां येईल, व ज्यावर दोन्ही पक्षांस विश्वास ठेवावा लागेल.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांपैकीं कांहीं पुढें मोठमोठीं यंत्रें हाताळाल, कांहीं बापाची होडीच चालवाल. दोघांसही आमचें सांगणें एकच. होडी चालविणाऱ्या तुमच्या वडिलांस हें केव्हांच ठाऊक आहे कीं पाण्याच्या रंगावरून तळाचा भरंवसा धरावयाचा नसतो. ते बांबू टाकून खोली पाहतात. आंकडा वाचणाऱ्यानेंही तसाच बांबू टाकून पाहावा, आणि प्रत्येक आंकड्यास प्रथम विचारावें, "बाबा रे, तूं नेमकें काय मोजलेंस?"